नाडीवर सुगंधी तेल लावल्याने काय होते?

लग्नकार्यात मांडवाच्या दाराशी उभे राहून पाहुण्यांच्या हातावर अत्तर लावण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. हळदीकुंकवाला अत्तरदाणी आणि गुलाबदाणी फिरते. पूर्वीची हौशी मंडळी हिवाळ्यात हिना, उन्हाळ्यात वाळा असे ऋतुमान पाहून अत्तर निवडीत आणि त्याचा फाया कानाच्या खळग्यात ठेवीत. त्यात कोणी औषध शोधत नसे. सुवासाने मन प्रसन्न व्हावे, एवढाच हेतू असे.

गेल्या काही वर्षांत मात्र याच सुवासाला औषधाचे रूप आले आहे. बोटभर उंचीची बाटली, तिच्या तोंडाशी फिरणारी गोळी आणि सोबत एक छापील कागद. ‘मनगटाच्या नाडीवर लावा, झोप लागेल. कानशिलावर लावा, ताण जाईल. मानेवर लावा, रक्तदाब उतरेल. तळपायाला लावा, काही मिनिटांत रक्तात मिसळेल.’ ही बाटली कोणी मोबाईलवरून मागवतो, कोणाला ती पुण्या-मुंबईची सून आणून देते. दवाखान्यात आता प्रश्न येतो, ‘डॉक्टर, हे नाडीवर लावले तर चालेल का?’ या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात देता येत नाही. म्हणून या आठवड्यात त्याचा सविस्तर विचार करू.

हे तेल आपल्या नेहमीच्या तेलासारखे नाही

खोबरेल, तीळ, एरंडेल ही स्निग्ध तेले. ती बी किंवा फळ पिळून काढतात. निलगिरी, लवंग, पुदिना, गवती चहा, लॅव्हेंडर यांची तेले बहुधा वाफेच्या साहाय्याने, ऊर्ध्वपातनाने काढली जातात. ती उडून जातात म्हणून त्यांना उडनशील तेले म्हणतात. फरक घरीच पाहता येईल. कागदाच्या एका टोकाला खोबरेल तेलाचा आणि दुसऱ्या टोकाला निलगिरी तेलाचा थेंब टाका. निलगिरीचा डाग थोड्या वेळाने विरून जातो, खोबरेलाचा तसाच राहतो.

बाटलीवर ‘इसेन्शियल ऑइल’ असे छापलेले असते. अनेकांना वाटते, की शरीराला आवश्यक असे हे काही तेल असावे. येथे ‘इसेन्शियल’चा अर्थ ‘आवश्यक’ असा नसून ‘अर्करूप’ असा आहे. अर्क म्हटला की तीव्रता आलीच. गुलाबाचे एक किलो शुद्ध तेल मिळवण्यासाठी तीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात. म्हणजे थेंब लहान दिसला तरी त्यात वनस्पतीचा फार मोठा अंश एकवटलेला असतो. कनोजचे पारंपरिक अत्तरवाले फुलांची वाफ चंदनाच्या तेलात उतरवीत, त्यामुळे फुलांचा अर्क आपोआपच दुसऱ्या तेलात मिसळलेला असे. आजच्या लहान बाटलीत पुष्कळदा काहीही न मिसळलेले तीव्र तेल असते. ही पहिली गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

या उपचाराला नाव दिले गातफोसे नावाच्या एका फ्रेंच रसायनतज्ज्ञाने. प्रयोगशाळेत स्फोट होऊन १९१० साली त्यांचे हात भाजले. त्यानंतर लॅव्हेंडर तेलाच्या गुणांकडे त्यांचे लक्ष वळले आणि १९३७ साली त्यांनी ‘अरोमाथेरपी’ या नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले. म्हणजे तेले आणि अत्तरे पुरातन असली तरी उपचारपद्धती म्हणून तिचे हे नाव शंभर वर्षांचेही नाही.

नाडीची ठिकाणे

हृदयातून निघालेले रक्त ज्या वाहिन्यांतून शरीरभर जाते त्यांना रोहिणी किंवा धमनी म्हणतात. बहुतेक ठिकाणी त्या स्नायूंच्या आड खोल असतात. काही थोड्या जागी त्या कातडीच्या जवळ येतात आणि बोट ठेवले की ठोके लागतात. अंगठ्याच्या बाजूचे मनगट, कोपराचा आतला भाग, मानेच्या दोन्ही बाजू, कानशील, गुडघ्याची मागची बाजू आणि घोट्याची आतली बाजू ही ती ठिकाणे.

अत्तर तेथे का लावतात, याचे कारण साधे आहे. या जागा उबदार असतात, मनगटावर आणि मानेवर कातडी पातळ असते. उबेमुळे सुवास हळूहळू उडत राहतो आणि मनगट, मान नाकाजवळ येत असल्याने तो आपल्याला जाणवत राहतो. सुवास दरवळावा यासाठी जागेची ही निवड अगदी योग्य आहे. गफलत पुढे होते. ‘येथे नाडी लागते, तेव्हा येथे लावलेले तेल थेट नाडीत उतरते’ असे मानले जाते.

तेल नाडीत शिरते का?

नाही. रोहिणीची भिंत जाड आणि स्नायुमय असते. बाहेरून लावलेला पदार्थ ती भेदून आतल्या रक्तात जात नाही. कातडीतून जे काही शोषले जाते ते कातडीतल्याच अतिसूक्ष्म केशवाहिन्यांमधून, आणि केशवाहिन्या तर अंगभर सगळीकडे आहेत. आणखी एक गोष्ट. मनगटाच्या रोहिणीतले रक्त हृदयाकडे जात नसून पंजाकडे आणि बोटांकडे वाहत असते. समजा तेल तिच्यात शिरलेच, तरी ते आधी बोटांत पोहोचेल. मेंदूला किंवा हृदयाला त्याचा खास लाभ कसा होणार?

मग तेल शोषलेच जात नाही का? जाते, थोडे जाते. व्हिएन्नातील संशोधकांनी १९९२ साली एका माणसाच्या पोटावर लॅव्हेंडर मिसळलेले शेंगदाण्याचे तेल दहा मिनिटे चोळले. पाच मिनिटांत त्यातील द्रव्ये रक्तात सापडली, साधारण वीस मिनिटांनी त्यांचे प्रमाण सर्वांत जास्त झाले आणि दीड तासात ती जवळजवळ नाहीशी झाली. चोळलेली जागा पोटाची होती, नाडीची नव्हती, हे लक्षात घ्यावे. मनगटावरच्या थेंबापेक्षा ते तेलही कितीतरी जास्त होते.

शोषण किती होणार हे नाडीवर अवलंबून नसून कातडी किती पातळ आहे, किती जागेवर लावले, वर पट्टी किंवा कपडा गुंडाळला का, कातडी फुटलेली आहे का, यांवर अवलंबून असते. फेल्डमन आणि मेबाक या अमेरिकन संशोधकांनी १९६७ साली हायड्रोकॉर्टिझोन हे औषध शरीराच्या निरनिराळ्या भागांवर लावून मोजमाप केले. हाताच्या आतल्या भागावरचे शोषण एक धरले तर कपाळावर ते सहापट आणि जबड्याच्या कडेला तेरापट भरले. तळपायावर मात्र जेमतेम एकसप्तमांश. प्रत्येक द्रव्याचे आकडे थोडे वेगळे येतील, पण तत्त्व तेच. ‘तळपायाला लावा, लगेच रक्तात जाईल’ या म्हणण्यात किती तथ्य आहे ते यावरून कळेल. आपल्याकडे तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने घासतात. त्याने आराम वाटतो, झोपही चांगली लागते. त्याचे श्रेय घासण्याला, स्पर्शाला आणि त्या निवांत अर्ध्या तासाला दिले पाहिजे.

तरी बरे वाटते, ते का?

नाडीवर तेल लावून बरे वाटते असे सांगणारे सगळे खोटे बोलतात, असे मुळीच नाही. फक्त त्याचा मार्ग नाडीचा नसून नाकाचा आहे. नाकाच्या छताशी वास ओळखणाऱ्या पेशींचा एक लहानसा पट्टा असतो. तेथून निघणारे तंतू मेंदूतील भावना आणि आठवणींच्या भागाशी फार जवळून जोडलेले असतात. वास ओळखणाऱ्या या यंत्रणेचा उलगडा केल्याबद्दल रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांना २००४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पहिल्या पावसाने भिजलेल्या मातीचा वास आला की माहेरचे अंगण आठवते, ते यामुळेच. आवडता सुवास मन सैल करतो. मन सैल झाले की श्वास संथ होतो आणि थोडा वेळ ठोकेही संथ पडतात.

दुसरा मार्ग कातडीतल्या मज्जातंतूंचा. पुदिन्यातील मेंथॉल कातडीवरचे थंडी ओळखणारे तंतू चेतवते. तेथे बर्फ नसतो, तरी गार वाटते आणि दुखण्याची जाणीव बोथट होते. जर्मनीत १९९६ साली झालेल्या एका अभ्यासात, डोके आवळल्यासारखे दुखणाऱ्या रुग्णांच्या कपाळावर आणि कानशिलांवर दहा टक्के पेपरमिंट तेलाचे अल्कोहोलमधील द्रावण लावले. त्याचा गुण १००० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलच्या तोडीचा आढळला. तेव्हा साध्या ताणाच्या डोकेदुखीला मोठ्या माणसाने कपाळाला बाम चोळण्यात गैर काही नाही. आपल्या आज्यांना हे ठाऊकच होते.

म्हणजे हिशेब असा: मन निवांत होणे, साधी डोकेदुखी हलकी होणे, झोपेपूर्वी प्रसन्न वाटणे, इतके या तेलांकडून मागावे. रक्तदाब, मधुमेह, दमा, थायरॉइड, हृदयविकार यांचा इलाज त्यांच्याकडे मागू नये.

गोळी बंद आणि तेल सुरू

माझी खरी काळजी येथे आहे. काही महिन्यांपूर्वी साठीचे एक निवृत्त शिक्षक दवाखान्यात आले. डोके जड वाटते, चालताना तोल जातो, अशी तक्रार. रक्तदाब मोजला तर १९० वर ११०. रक्तदाबाची गोळी त्यांनी तीन आठवड्यांपासून बंद केली होती आणि सकाळ-संध्याकाळ मनगटाला व मानेला लॅव्हेंडर तेल लावत होते. ‘तेल लावले की शांत वाटते, म्हणजे प्रेशर उतरलेच असणार,’ असे ते म्हणाले. शांत वाटणे आणि रक्तदाब उतरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाढलेला रक्तदाब बहुतेक वेळा काहीच जाणवू देत नाही, म्हणून तो यंत्रानेच मोजावा लागतो. गोळी पुन्हा सुरू झाली आणि काही दिवसांत ते सावरले. प्रत्येकाचे नशीब एवढे चांगले नसते. पक्षाघात झालेला रुग्ण घरी आणला की साऱ्या घराची घडी बदलते, हे आपण सगळेच पाहतो.

छातीत दुखणे, दम लागणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे या वेळी चोळत बसण्यात गेलेला अर्धा तास फार महाग पडतो. २०२१ च्या कोरोनाच्या लाटेत कापूर, लवंग, ओवा यांची पुरचुंडी हुंगली की रक्तातला ऑक्सिजन वाढतो, असा निरोप मोबाईलवर घरोघर फिरला. हुंगल्याने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, ऑक्सिजन मात्र वाढत नाही.

कातडीच्या तक्रारी

न मिसळलेले तेल पातळ कातडीवर लावले तर आग होते, लाली येते, कधी फोडही येतात. दालचिनी, लवंग, ओवा, गवती चहा ही तेले विशेष दाहक. काहींना लगेच काही होत नाही, पण वरचेवर लावल्याने शरीराला त्या तेलाचे वावडे निर्माण होते आणि मग थेंबभर तेलानेही इसब उठते. एकदा निर्माण झालेले हे वावडे बहुधा जन्मभर टिकते. जुनी बाटली अधिक त्रासदायक ठरते, कारण हवेशी संबंध येऊन त्यातील काही घटक बदलतात आणि ॲलर्जीकारक बनतात. म्हणून बाटली घट्ट बंद करून अंधारात ठेवावी आणि वास बदललेले तेल टाकून द्यावे.

लिंबू वर्गातील काही तेले, विशेषतः बर्गमॉटचे तेल, लावून उन्हात गेले तर तेथे काळे डाग पडतात. कोलन वॉटर मानेवर लावणाऱ्यांच्या गळ्यावर ओघळाच्या आकाराचे डाग पडलेले १९१६ सालीच वैद्यकीय नियतकालिकात नोंदले गेले. मानेवरचे असे डाग पित्ताचे किंवा यकृताचे समजून लोक भलतीच औषधे घेत राहतात. आधी अत्तराची बाटली तपासावी.

लहान मुलांच्या बाबतीत अजिबात धोका नको

आपल्याकडे बाळाला सर्दी झाली की छातीला, पाठीला, टाळूला आणि नाकाखाली कापूर किंवा निलगिरी चोळण्याची सवय आहे. कापूर, पुदिन्याचे फूल आणि ओव्याचे फूल एकत्र करून होणारी अमृतधारा तर कित्येक घरांच्या फळीवर असते. ही द्रव्ये मोठ्यांना ठीक, तान्ह्यांना नव्हेत. बाळाच्या नाकाजवळ मेंथॉल किंवा कापूर नेल्यास स्वरयंत्र आकसून श्वास अडखळू शकतो. बाळाची कातडी पातळ, आणि वजनाच्या मानाने तिचे क्षेत्रफळ मोठे. त्यामुळे त्याच्या अंगात मोठ्यांपेक्षा जास्त अंश जातो. दोन वर्षांखालील मुलांना ही तेले आणि बाम कोठेही लावू नयेत. थोड्या मोठ्या मुलांनाही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

पोटात गेले तर प्रकरण फारच गंभीर होते. कापराने आकडी येते. एक ग्रॅम कापराने लहान मूल दगावल्याची नोंद वैद्यकीय वाङ्मयात आहे. निलगिरीच्या चमचाभर तेलाने मूल ग्लानीत जाऊ शकते. लवंगेच्या तेलाने यकृताला इजा झालेली आहे. सांधेदुखीवर चोळण्याचे गंधपुरा तेल तर सर्वांत दगाबाज. त्याच्या एका चमच्यात (५ मिलिलिटर) सुमारे सात ग्रॅम ॲस्पिरिनइतका अंश असतो, म्हणजे वीसहून अधिक गोळ्या. वास गोड, बाटली लहान आणि चटकन उघडणारी. रांगत्या मुलाला यापेक्षा आकर्षक खेळणे कोणते?

मोठ्यांमध्येही निलगिरी आणि कापूर हुंगून किंवा चोळून आकडी आल्याचे रुग्ण आढळतात. बंगळुरूच्या डॉक्टरांनी २०१७ साली निलगिरीचा वाफारा घेतल्यानंतर आकडी आलेल्या रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. म्हणून ज्यांना फीट येण्याचा आजार आहे किंवा पूर्वी होता, त्यांनी ही दोन्ही तेले आणि ती असलेले बाम वर्ज्य करावेत. नव्याने फीट आली तर डॉक्टरांना ‘काही हुंगले होते का, चोळले होते का’ हेही आपणहून सांगावे.

आणखी कोणी जपावे

दम्याच्या रुग्णांना तीव्र वासाने धाप लागू शकते. गर्भवती स्त्रियांनी डॉक्टरांच्या सल्ल्याविना ही तेले वापरू नयेत. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन घेणाऱ्यांनी गंधपुरा तेल किंवा ते असलेले मलम गुडघ्याला रोज चोळू नये. कातडीतून शोषून ते गोळीचा परिणाम वाढवते आणि रक्तस्राव होऊ शकतो.

लावायचेच असेल तर

१. पातळ करूनच लावा. एक चमचा (५ मिलिलिटर) खोबरेल किंवा तिळाच्या तेलात दोन थेंब, हे प्रमाण मोठ्यांना पुरे. साधारण दोन टक्के होते.

२. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडेसे लावून एक दिवस वाट पाहा. खाज किंवा लाली आली तर ते तेल आपले नव्हे.

३. मनगट ही सर्वांत सोयीची जागा. डोळ्यांच्या आसपास, नाकपुडीत, ओठांवर, जखमेवर, नुकत्या दाढी केलेल्या कातडीवर लावू नका. कानशिलाला लावल्यास हात साबणाने धुवा, तोच हात डोळ्याला लागतो.

४. लिंबूवर्गीय तेल लावून उन्हात जाऊ नका.

५. वर घट्ट पट्टी बांधू नका, शेकू नका.

६. सुवासच हवा असेल तर रुमालावर किंवा कपड्यावर लावा. नाकाला तेवढाच लाभ होतो आणि कातडी वाचते.

७. बाटली कुलपात ठेवा. खोकल्याच्या औषधाशेजारी मुळीच ठेवू नका. रात्री घाईत बाटल्यांची अदलाबदल होते.

अपघात झालाच तर

कातडीची आग झाली तर आधी खोबरेल तेलाने पुसून घ्या, मग साबण-पाण्याने धुवा. डोळ्यात गेले तर वाहत्या स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटे डोळा धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. पोटात गेले तर उलटी करवू नका. बोटे घालणे, मिठाचे पाणी पाजणे हे उपाय येथे घातक आहेत, कारण उलटीबरोबर तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. मूल हसतेखेळते दिसले तरी थांबू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठा आणि बाटली सोबत न्या. आत काय होते, किती उरले आहे, हे बाटलीवरून कळते आणि उपचाराला वेळ लागत नाही.

जाता जाता एका वाचक भगिनीच्या पत्राचे उत्तर. ‘नातवाच्या बारशाला बाळाला अत्तर लावावे का?’ असे त्यांनी विचारले आहे. बाळाला लावू नये. आलेल्या बायकांच्या हाताला लावावे, आणि ज्यांच्या हाताला लावले आहे त्यांनी बाळाला घेण्यापूर्वी हात धुवावेत. पाळण्याच्या दोरीला मोगऱ्याचा गजरा बांधावा, तो बाळाच्या हाती लागणार नाही इतका उंच.